‘चालतेय की अजून’ म्हणताय तोवरच: घरच्या व्हीसीडी-डीव्हीडी वाचवायच्या कशा

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, षष्ट्यब्दीपूर्ती २००५ साली सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात झाली. शूटिंग करणाऱ्यानं अडीच तासांचा कार्यक्रम एका डीव्हीडीवर बसवला, वर आई-अण्णांचा फोटो छापलेला गोल कागदी स्टिकर चिकटवला आणि दोन प्रती हातात ठेवल्या. “आता कॅसेटसारखी बुरशीची भानगड नाही, जन्मभर चालेल,” असं तो म्हणाला आणि आम्हालाही ते पटलं. एक प्रत आमच्याकडे राहिली, दुसरी सांगलीला आत्याकडे गेली. अण्णा २०१२ मध्ये गेले. २०२१ च्या पावसाळ्यात आईला पाहायची इच्छा झाली म्हणून डीव्हीडी लावली. होम दिसला, तुला झाली, औक्षण झालं. शेवटी अण्णा चार शब्द बोलायला उभे राहिले आणि चित्र थिजलं. अण्णांच्या आवाजाचं आमच्या घरात तेवढंच रेकॉर्डिंग होतं.

नेमकं शेवटीच का थिजलं, हे शोधता शोधता मी या विषयात शिरले. तेव्हापासून नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून दोनशेच्या वर डिस्क मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत. त्यातून जी पद्धत बसली ती इथे लिहिते. कपाटात लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या डिस्क असतील तर हे याच महिन्यात करायला घ्या.

आधी थोडं समजून घ्या

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती ‘कायम टिकणारा निर्दोष आवाज’ अशा अर्थाच्या जाहिरातीसह. सुई घासत नाही, टेप ताणली जात नाही, फक्त प्रकाशाचा किरण वाचतो, मग झिजणार काय, असा तो युक्तिवाद. पुढच्या प्रत्येक डिस्कनं हेच वचन उचललं. १९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचं मानक ठरलं. १९९६ च्या शेवटी जपानमध्ये डीव्हीडी आली. २००६ मध्ये ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या आणि २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबानं एचडी डीव्हीडी सोडून दिली. आपल्याकडे मोझर बेअर कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा घरोघरी डिस्कचे ढीग झाले.

वचनातला एक भाग खरा होता. कारखान्यात साच्यातून काढलेली ‘ओरिजिनल’ सीडी खरोखर टिकते. तिच्यातले खड्डे प्लास्टिकमध्येच उमटवलेले असतात आणि त्यावर अॅल्युमिनियमचा थर असतो. माझ्याकडची नव्वदच्या दशकातली अशी डिस्क आजही विनातक्रार वाचली जाते.

पण स्टुडिओवाल्यानं दुकानात बसून ‘राइट’ केलेली डिस्क ही वेगळीच वस्तू आहे. तिच्यात खड्डे नसतात, रंगाचा एक पातळ थर असतो. लेझरनं त्या रंगावर डाग पाडून माहिती लिहिली जाते. हा रंग सेंद्रिय असतो आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो हळूहळू बदलत जातो. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून टिकाऊपणाचं श्रेय आपण दोन्हींना देऊन बसलो. घरातल्या आठवणी जवळपास सगळ्या या दुसऱ्या प्रकारावर आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. व्हीएचएस कॅसेट म्हातारी होताना दिसायची. आधी रेघा यायच्या, रंग उडायचे, मग आवाज घरघरायचा. आपल्याला कळायचं आणि वेळ मिळायचा. डिस्क तसं काही कळू देत नाही. तिच्यात चूक दुरुस्त करण्याची गणिती व्यवस्था असते आणि थोडं खराब झालेलं ती स्वतःच भरून काढते. रंग दहा वर्षं उडत असला तरी पडद्यावर चित्र पहिल्या दिवसासारखंच. मग एक दिवस चुका दुरुस्तीच्या पलीकडे जातात आणि एकदम सगळंच कोसळतं. डीव्हीडीवर ही दुरुस्ती ३२ केबीच्या ठोकळ्यात होते. ठोकळा दुरुस्त झाला तर पूर्ण मिळतो, नाही झाला तर पूर्ण जातो, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली पुढची जवळपास अर्ध्या सेकंदाची चित्रंही बिघडतात. म्हणून “चालतेय की अजून” या वाक्याला काही अर्थ नाही. चालतेय म्हणजे आज उतरवता येईल, एवढंच.

आणि शेवटीच का थिजलं? डिस्क मध्यापासून कडेकडे लिहिली जाते. आपली बोटं, पाकिटाची घासाघीस, कडेतून शिरणारा दमटपणा, सगळं बाहेरच्या कडेला आधी पोचतं. गच्च भरलेल्या डिस्कच्या कडेवर कार्यक्रमाचा शेवट असतो: वधूची पाठवणी, आभाराचं भाषण, आजीनं घेतलेला शेवटचा उखाणा.

पायरी १: ढीग वेगळे करा

सगळ्या डिस्क जमिनीवर पसरा, ट्यूबलाइटखाली उलट्या करून बघा. पाठ स्वच्छ चंदेरी असेल तर ती कारखान्यातली. जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक असेल तर राइट केलेली. राइट केलेल्या आणि जगात दुसरी प्रत नसलेल्या डिस्क पहिल्या ढिगात. त्यातही ज्यांच्या कडेला रंगाचं वेगळं कडं दिसतंय, ज्यांचा स्टिकर फुगलाय, ज्या अगदी स्वस्तातल्या बिननावाच्या आहेत, त्या सर्वांत आधी.

सिनेमांच्या डिस्क बाजूला ठेवा. त्यांच्यावर बहुधा नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप असतं आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५अ अशा कुलपांच्या बाबतीतच आहे. हा लेख घरच्या चित्रीकरणापुरता आहे.

हातात आठ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क आल्या तर त्या हँडीकॅमच्या. बारीक फटीतून डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्या कधीही घालू नका, आत अडकतात. ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्ये मधला छोटा खळगा त्यांच्यासाठीच असतो. या डिस्क कॉम्प्युटरवर ‘रिकामी’ दिसल्या तरी घाबरू नका. त्या ‘फायनलाइज’ करायच्या, म्हणजे इतर यंत्रांना वाचता याव्यात म्हणून शेवटी बंद करायच्या, राहून गेलेल्या असतात. जुना कॅमेरा चालू असेल तर त्याच्या मेनूतून फायनलाइज करा, नसेल तर आयसोबस्टर नावाचा प्रोग्राम अशा डिस्कमधलंही वाचू शकतो. विंडोजनं “फॉरमॅट करू का?” विचारलं तर नाही म्हणा.

मध्यावर तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका. वेगानं फिरताना तिचे तुकडे होतात आणि ड्राइव्हही जातो.

पायरी २: धुणं

कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि धुऊन धुऊन मऊ झालेला सुती कपडा. जुन्या पंच्याचा तुकडा सगळ्यात चांगला. मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल कधीच नाही. डिस्कवरची माहिती गोल वळत जाणाऱ्या एका लांब रेघेत असते. आडवा ओरखडा त्या रेघेला एका ठिकाणी छेदून जातो, तेवढं दुरुस्ती भरून काढते. रेघेच्या बाजूनं गेलेला गोल ओरखडा मात्र सलग मोठा तुकडा खातो. टूथपेस्ट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावू नका, कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी.

सीडीची खरी नाजूक बाजू वरची असते, खालची नव्हे. सीडीत माहितीचा थर सव्वा मिलिमीटर प्लास्टिकच्या वरती, छापील बाजूला अगदी लागून असतो. वर फक्त लॅकरचा पापुद्रा. म्हणून स्टिकर सोलायला गेलात तर चंदेरी थरही त्याच्यासोबत निघून येतो. माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्याची व्हीसीडी मी अशीच गमावली. फुगलेला स्टिकर नखानं धरून ओढला आणि हातात आला त्याच्या मागे आरशासारखा तुकडा होता. डीव्हीडीत थर दोन ०.६ मिलिमीटरच्या तबकड्यांच्या मध्ये दडलेला असतो, त्यामुळे ती थोडी सुरक्षित. तरी स्टिकरला हात लावू नका. फुगा आला असेल तर बोटानं हलका दाबून बसवा आणि कमी वेगानं वाचा.

पुण्याच्या पावसाळ्यात रेक्झिनच्या अल्बममध्ये ठेवलेल्या डिस्कवर पांढरट जाळी येते. ती बुरशी वरच्यावर असेल तर धुऊन जाते. सप्टेंबर २०१९ च्या आंबिल ओढ्याच्या पुरानंतर अरण्येश्वरजवळच्या एका ओळखीच्या घरातून माझ्याकडे चिखलानं माखलेल्या चाळीसेक डिस्क आल्या होत्या. त्यांनी चिखल वाळू न देता सगळ्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवल्या होत्या, हे फार शहाणपणाचं केलं. वाळलेला चिखल पुसायला गेलं की तो पॉलिश पेपरचं काम करतो. वाहत्या पाण्याखाली धुऊन, ताटाळ्यात ताटं लावतात तशा उभ्या लावून सावलीत वाळवल्या. बहुतेक सगळ्या वाचल्या.

पायरी ३: ड्राइव्ह, शक्यतो दोन

आता लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो आणि डिस्कच्या आधी यंत्रच नाहीसं होतं, ही या सगळ्या तंत्राची दुखरी नस आहे. सोनीनं तर राइट करायच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादनही २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ सालापासून. तिथे जपलेली फिल्म कुणीही उजेडासमोर धरली तरी चित्र डोळ्यांना दिसतं. डिस्क उजेडासमोर धरली तर आपलाच चेहरा दिसतो. वाचणारं यंत्र नसेल तर तिच्यात काय आहे हे माणसाला कळायचा मार्गच नाही. म्हणून यंत्रं मिळताहेत तोवर हे काम उरकायचं.

यूएसबीवर चालणारा पातळ ड्राइव्ह पुण्यात तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतो. त्यासोबत जुन्या डेस्कटॉपमधला पूर्ण आकाराचा डीव्हीडी रायटर मिळवा. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात भंगारात पडलेले असतात, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातही दिसतात. त्याला यूएसबीचा अॅडॉप्टर लागतो, आणि तोही स्वतंत्र पॉवर असलेला, कारण मोठ्या ड्राइव्हला १२ व्होल्ट लागतात. एवढा खटाटोप का? एका ड्राइव्हला न वाचलेली जागा दुसरा सहज वाचतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. प्रत्येकाच्या लेझरचा जोर आणि जुळणी वेगळी असते. पातळ ड्राइव्ह हबला न लावता थेट कॉम्प्युटरला लावा. वीज कमी पडली की तो चांगल्या डिस्कलाही नाही म्हणतो.

पायरी ४: आधी इमेज, बाकी सगळं नंतर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. लोक डिस्क घालतात, फोल्डर उघडतात आणि फायली ओढून डेस्कटॉपवर टाकतात, किंवा सरळ एमपी४ करणारा प्रोग्राम लावतात. एके ठिकाणी अडकलं की प्रोग्राम पुन्हा पुन्हा त्याच जागी डोकं आपटतो, ड्राइव्ह तापतो, आणि अर्ध्या तासानं हातात काहीच नसतं.

त्याऐवजी डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, करायची. चांगल्या अवस्थेतल्या डीव्हीडीसाठी विंडोजवर इमगबर्न नावाचा प्रोग्राम पुरतो. वेग कमीत कमी ठेवा. आजारी डिस्कसाठी मात्र माझा सगळा भरवसा डीडीरेस्क्यू या प्रोग्रामवर आहे. तो लिनक्सवर चालतो. पेन ड्राइव्हवरून उबंटू हे लिनक्स सुरू केलं तर लॅपटॉपमधल्या विंडोजला धक्काही लागत नाही. उबंटूत हे पॅकेज जीडीडीरेस्क्यू या नावानं मिळतं.

त्याची काम करायची रीत समजली की बाकी सोपं आहे. तो आधी सहज वाचता येईल तेवढं सगळं पटापट उचलतो आणि अवघड जागा वगळून पुढे जातो. कुठलं मिळालं, कुठलं राहिलं, याचा नकाशा एका वेगळ्या छोट्या फायलीत लिहून ठेवतो. मग दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागी परत जातो. डीव्हीडीसाठी सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या एका छोट्या कप्प्याचा, आकार २०४८ बाइट द्यायचा. पहिली फेरी ‘खरवडण्याशिवाय’, म्हणजे खराब जागा कप्प्या-कप्प्यानं उकरत न बसता, दुसरी फेरी तीन वेळा पुन्हा प्रयत्न करायला सांगून. दोन्ही वेळा इमेजचं आणि नकाशाचं नाव तेच ठेवायचं. नकाशाची फाइल जपा. ती हरवली तर काय मिळालं आणि काय राहिलं हे सांगायला कुणी उरत नाही.

अण्णांच्या डिस्कचं काय झालं ते सांगते, म्हणजे नीट कळेल. पातळ ड्राइव्हवर पहिल्या फेरीनंतर कडेचे साधारण २०० एमबी राहिले. अडीच तास ४.७ जीबीत बसवले की सेकंदाला चार मेगाबिटच्या आसपास पडतात, म्हणजे २०० एमबी म्हणजे सहा-साडेसहा मिनिटं. अख्खं भाषण. डिस्क काढली, धुतली, डेस्कटॉपच्या जुन्या रायटरमध्ये घातली आणि त्याच नकाशावर पुढे चालवलं. रात्रभर कुरकुरत होता. सकाळी ६० एमबी राहिले होते. मग मी सांगलीला आत्याला फोन केला.

दोन डिस्क एकाच इमेजवरून लिहिलेल्या असतील तर त्या अगदी तंतोतंत सारख्या असतात, आणि एकीतली भोकं दुसरीतून भरता येतात. दोन्हींचा आकार बाइटपर्यंत एकच आहे ना, आणि डिस्कवर नोंदलेली तारीख-वेळ जुळते ना, हे आधी बघायचं. नाही जुळलं तर एकत्र करू नका, दोन वेगळ्या इमेज करा आणि नंतर व्हिडिओच्या पातळीवर जोडा. आमचं जुळलं. आत्याची प्रत तिच्या देवघरावरच्या फडताळात होती, तीही कडेला खराबच, पण तिची भोकं वेगळ्या जागी. तोच नकाशा, दुसरी डिस्क. दीड एमबी सोडून सगळं भरलं.

तेव्हा नातेवाइकांना आधी फोन करा. लग्नाच्या डीव्हीडीच्या प्रती माहेरी, सासरी, काकांकडे, कुठे ना कुठे असतात.

व्हीसीडी असेल तर

हिची गोष्ट वेगळी आहे, सरळ इमेज केलीत तर चालणार नाही. व्हीसीडीत ७४ मिनिटांचा व्हिडिओ एका सीडीत बसवण्यासाठी दुरुस्तीचा एक जादाचा थर काढून टाकला आणि ती जागा चित्राला दिली. प्रत्येक सेक्टर २०४८ ऐवजी २३२४ बाइटचा. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीनं केलेली इमेज अर्धवट होते, लिनक्सवर साधं कॉपी करायला गेलं तर चूक दाखवतं. डिस्क निरोगी असेल तर विंडोजवर एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधल्या डॅट फायली सरळ उचला, व्हीएलसी त्या वाजवतो. आजारी असेल तर आयसोबस्टरनं सगळे सेक्टर कच्चे काढा. लिनक्सवर व्हीसीडीइमेजरमधलं काढायचं साधन आहे.

व्हीसीडी उतरवताना चित्र वाईट आलं म्हणून दहा वेळा प्रयत्न करू नका. चित्र मुळातच तेवढं आहे: ३५२ गुणिले २८८ ठिपके, डीव्हीडीच्या पाव हिश्शाएवढे. आणि सेकंदाला ११५० किलोबिट, त्याहून एक थेंब जास्त नाही. ही पद्धत आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहिते. कुणी स्थिर बसलं असेल तर छान दिसतं. पण मंगलाष्टकं संपतात, ‘सावधान’ होतं, अक्षता पडतात, आणि त्या क्षणी चित्राचा प्रत्येक कोपरा एकदम बदलतो. तेवढे बिट तिच्याकडे नसतात. म्हणून व्हीसीडीवरच्या प्रत्येक मराठी लग्नात, ऐन अंतरपाट दूर होताना, नवरा-नवरी चौकोनांत फुटलेले दिसतात. तो डिस्कचा आजार नव्हे, लिहिलं गेलं तेच तसं आहे. मूळ कॅसेट कुठे असेल तर ती शोधा. मिनीडीव्ही किंवा व्हीएचएस मिळाली तर तिच्यातून कितीतरी चांगलं निघतं.

पायरी ५: इमेजमधून बघायची फाइल

मूळ इमेजला हात लावायचा नाही. तिच्यापासून मेकएमकेव्हीनं एक फाइल काढा. यात व्हिडिओ जसाच्या तसा राहतो, फक्त वेष्टण बदलतं. डीव्हीडीत व्हिडिओचे एक-एक जीबीचे तुकडे केलेले असतात, ते यात आपोआप सलग जोडले जातात.

नातेवाइकांना पाठवायला हँडब्रेकनं एमपी४ करा. दोन गोष्टी सांभाळा. जुना व्हिडिओ एकाआड एक ओळींनी रंगवलेला असतो, त्यामुळे हललेल्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करा, ‘बॉब’ पर्याय निवडून ५० फ्रेम ठेवल्यात तर हालचाल टीव्हीवर दिसायची तशीच गुळगुळीत राहते. दुसरं, चित्र ४:३ च राहू द्या. पडदा भरावा म्हणून ताणून सगळ्यांना जाड करू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवाल तर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर इतक्या मेहनतीनं वाचवलेलं चित्र तिथे पुन्हा चिरडलं जातं.

हल्ली चेहरे ‘स्वच्छ’ करून देणारी एआयची साधनं आली आहेत. मी ती एकदा अण्णांच्या चित्रावर लावून पाहिली. कातडी तुकतुकीत झाली, भुवया रेखीव झाल्या आणि हनुवटीवरचा देवीचा व्रण पुसला गेला. तो माणूस माझे वडील नव्हते. यंत्रानं माहिती नसलेल्या जागी स्वतःच्या मनचा चेहरा काढला होता. धूसर असलं तरी जे खरं तेच ठेवा, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ६: ठेवायचं कुठे

हिशोब सोपा आहे. भरलेली डीव्हीडी ४.७ जीबी, शंभर डिस्क झाल्या तरी ४७० जीबी. एक टीबीची साधी हार्ड डिस्क पुरते. अशा दोन घ्या. एक घरात, दुसरी बहिणीकडे किंवा मुलाकडे, दुसऱ्या गावात असेल तर उत्तम. तिसरी प्रत क्लाउडवर. एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, या कामाला नको. वर्षानुवर्षं वीज न लावता ठेवली तर तिच्यातलं जाऊ शकतं.

प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून गणितानं निघणारी अक्षर-आकड्यांची ओळ, काढून एका टेक्स्ट फायलीत ठेवा. पुढे कधीही ताडून बघता येतं की एकही बिट बदललेला नाही. आणि वर्षातून एकदा तरी हार्ड डिस्क लावून हे ताडणं करायचंच. आमच्याकडे खंडेनवमीला. घरातली कात्री, अडकित्ता, पाना, लॅपटॉप यांच्यासोबत दोन्ही हार्ड डिस्क पाटावर येतात, हळदकुंकू होतं आणि आरतीनंतर त्या कॉम्प्युटरला लागतात. दिवस ठरलेला असला की विसरत नाही.

मूळ डिस्क फेकू नका. उद्या आणखी चांगला ड्राइव्ह मिळेल. कडक डब्यात, उभ्या, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. माळ्यावर नको, एप्रिल-मे महिन्यात स्लॅबखाली तिथे भट्टी असते.

पायरी ७: बसून बघा, आणि लिहून ठेवा

उतरवलेला प्रत्येक व्हिडिओ पूर्ण बघा, निदान शेवटची वीस मिनिटं तरी. आणि एकट्यानं बघू नका. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस शेजारी बसवा, वही घ्या. फाइलचं नाव तारखेनं सुरू करा, वर्ष-महिना-दिवस, पुढे प्रसंग आणि गाव. सोबत त्याच नावाची टेक्स्ट फाइल: कितव्या मिनिटाला कोण. “हिरव्या शालूतली, मागे उभी, ती कोण?” याचं उत्तर आज मिळेल, दहा वर्षांनी मिळणार नाही. मंगळवार पेठेतल्या एका घरच्या १९९९ च्या मुंजीत बटूच्या मांडीला मांडी लावून जेवणारे आजोबा कुणाचे, हे चौघांपैकी कुणालाच सांगता येईना. शेवटी आचाऱ्याच्या मुलानं ओळखलं.

आमची इमेज पूर्ण झाल्यावर आत्याला सांगलीहून बोलावलं. अण्णांचं भाषण लागलं. दोन तास सव्वीस मिनिटांवर ते म्हणतात, “आईच्या माघारी ताईनंच मला...” आणि तिथे तो न मिळालेला दीड एमबी येतो. तीन सेकंद पडदा हिरवा, आवाज नाही. मग चित्र परत येतं, अण्णांच्या हातात पाण्याचं फुलपात्र आहे आणि ते भलत्याच विषयावर बोलताहेत. मला वाटायचं मधलं वाक्य गेलं, सगळ्यात महत्त्वाचं तेच असणार. मी आत्याला विचारलं, अण्णा इथे काय म्हणाले गं?

“काही नाही,” आत्या म्हणाली. “गळा दाटून आला त्याचा. बोलवेचना. मग मीच उठून पाणी दिलं.”

टेक्स्ट फायलीत मी तशी नोंद केली आहे: २:२६:१०, तीन सेकंद चित्र-आवाज नाही. अण्णा गप्प आहेत. आत्या पाणी देते.